उजाड पांढरीवर वसलेलें शहर

एखादें शहर कसें वसलें असें कोणीं विचारलें, म्हणजे आपल्याकडे बहुधा एखादी आख्यायिका पुढें होते. राजा शिकारीस निघाला असतां सशानें कुत्र्यावर उलटून चाल केली, म्हणून ती भूमि पराक्रमाची ठरली. किंवा रानांत चरणारी गाय रोज एकाच वारुळावर पान्हा सोडी, म्हणून तेथें देऊळ झालें आणि देवळाभोवतीं वस्ती वाढली. खानदेशांतील धुळें शहराच्या उत्पत्तीसाठीं अशा कथेचा आधार घ्यावा लागत नाहीं. हें शहर जिल्ह्याचें ठाणें म्हणून कोणीं निवडलें, कोणत्या सालीं निवडलें, रहिवाशांना कोणत्या अटींवर जागा मिळाल्या, आरंभीं घरें किती होतीं आणि त्यांत माणसें किती राहत होतीं, हें सारें लेखी नमूद आहे. इतकी स्पष्ट जन्मपत्रिका लाभलेलीं शहरें महाराष्ट्रांत थोडींच. ती पत्रिका वाचूं लागलें म्हणजे एक प्रश्न मात्र राहून राहून पुढें येतो. शहर वसविलें असें आपण म्हणतों, तें नेमकें कोणीं? हुकूम काढणाऱ्यानें, कीं त्या हुकुमावर विश्वास ठेवून घर बांधणाऱ्यानें?

जुन्या कागदपत्रांत गांवच्या जमिनीचे दोन भाग मानलेले आढळतात. पिकाची ती काळी आणि घरांची ती पांढरी. पिढ्यान् पिढ्यांच्या भिंती जेथें उभ्या राहिल्या आणि ढासळल्या, ती ही पांढरी. गांव उठलें म्हणजे काळी पडीत पडे व पांढरी ओस पडे. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं खानदेशांत अशा ओस पांढऱ्या जागोजाग दिसत होत्या. १८०२ सालीं यशवंतराव होळकरांच्या फौजा पुण्याच्या रोखानें निघाल्या, तेव्हां त्यांच्या वाटेवर खानदेश होता. उभीं पिकें गेलीं, साठविलेलें धान्य गेलें, आणि त्यावर १८०३–०४ चा दुष्काळ आला. पुढें पेंढाऱ्यांच्या टोळ्या, किल्ले धरून बसलेली अरब शिबंदी आणि एकमेकांच्या मुलखांतून वसुली करणारे सरदार यांनीं उरलेसुरलें स्वास्थ्यही नाहींसें केलें. डोंगरांतील भिल्लांकडे पूर्वीं गांवोगांवच्या राखणीचें काम असे, आणि त्याचा मोबदला त्यांना गांवाकडून मिळे. गांवेंच उठलीं, तेव्हां राखण करावयाची कोणाची आणि मोबदला मागावयाचा कोणाकडे? राखणदारांपैकीं अनेक जण लुटारू झाले, ते अशा परिस्थितींत.

याच दुष्काळांत धुळेंही उठलें. त्या काळीं तें फार मोठें गांव नव्हतें. दक्षिणेस लळिंगचा किल्ला आणि उत्तरेस सोनगीरचा किल्ला, या दोन ठाण्यांच्या मधलें पांझरेच्या कांठचें एक गांव, एवढीच त्याची ओळख. परंतु तें फार दिवस ओस राहिलें नाहीं. दुष्काळानंतरच्याच वर्षीं, म्हणजे १८०४ सालीं, विंचूरकरांच्या पदरीं असलेल्या बाळाजी बळवंत यांनीं रयतेस परत बोलावून तें पुन्हा वसविलें. या कामगिरीबद्दल त्यांना विंचूरकरांकडून इनाम जमिनी व कांहीं हक्क मिळाले. पुढें सोनगीर व लळिंग या दोन्ही परगण्यांचा कारभार त्यांच्याकडे आला, तेव्हां त्यांनीं आपलें ठाणें धुळ्यासच ठेवलें, आणि १८१८ पर्यंत ते तेथून कारभार पाहत होते. धुळ्याची गोष्ट सांगतांना इंग्रजी अंमलापासूनच आरंभ करण्याची संवय पुष्कळांना आहे. पण उजाड गांवाच्या वेशींत पहिला दिवा ज्यांनीं लावविला, त्यांचें नांव त्यापूर्वींचें आहे, हें विसरतां कामा नये.

१८१८ सालीं सत्ता पालटली. त्या वर्षाच्या जानेवारींत मंदसोर येथें होळकरांशीं तह होऊन सातपुड्याच्या दक्षिणेकडील त्यांचा मुलूख इंग्रजांकडे आला. फेब्रुवारींत तापीकांठच्या थाळनेर किल्ल्यावर लढाई झाली आणि किल्ला पडल्यावर किल्लेदारास फांशी देण्यांत आलें. त्या शिक्षेबद्दल पुढें इंग्रजांतच बराच वाद माजला. मे-जूनमध्यें मालेगांवच्या किल्ल्यांतील अरबांनीं चिवट झुंज देऊन अखेर किल्ला सोडला. दख्खनच्या नव्या मुलखाचे कमिशनर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन यांनीं खानदेशचा कारभार कॅप्टन जॉन ब्रिग्ज या अधिकाऱ्याकडे सोंपविला. ब्रिग्ज हा फारशीचा जाणकार होता. फेरिश्त्याच्या फारशी इतिहासाचें त्यानें केलेलें इंग्रजी भाषांतर १८२९ सालीं चार भागांत प्रसिद्ध झालें, आणि अभ्यासकांच्या हातीं तें पुढें अनेक वर्षें राहिलें. त्याच इतिहासांत खानदेशच्या फारुकी सुलतानांचीही हकीगत आहे. ज्या मुलखाच्या जुन्या राजांची बखर तो वाचीत होता, त्याच मुलखाचें नवें ठाणें निवडण्याचें काम त्याच्याकडे आलें होतें.

निवड सोपी नव्हती. थाळनेर ही फारुकींची पहिली राजधानी. पण तिचें वैभव केव्हांच मावळलें होतें. बऱ्हाणपूर शिंद्यांकडे होतें. नंदुरबार, चोपडें, एरंडोल हीं गांवें धुळ्यापेक्षां जुनीं व नांवाजलेलीं. परंतु तीं एका बाजूस पडत. धुळें जिल्ह्याच्या मध्यभागीं होतें, आणि पुण्याकडून हिंदुस्थानांत जाणारा मोठा रस्ता तेथून जात होता. ब्रिग्जनें धुळें पसंत केलें. १८१९ च्या जानेवारींत मुलकी व न्यायाच्या कचेऱ्या बांधण्यास मंजुरी मिळाली. कारागीर जवळपास मिळेनात, म्हणून ते दूरदूरच्या गांवांहून आणवावे लागले, आणि सुमारें २७ हजार रुपये खर्चून इमारती उभ्या राहिल्या.

कचेरी बांधली म्हणजे शहर झालें असें होत नाहीं. कचेरीसमोर दुकान मांडणारा वाणी, तागडी धरणारा अडत्या, सोनार, शिंपी, कासार, गवंडी आणि त्यांचीं बायकामुलें आल्यावांचून पेठ उभी राहत नाहीं. ब्रिग्जनें यासाठीं दोन गोष्टी केल्या. घर बांधणाऱ्यास जागा दिली, आणि त्या जागेवरील भाडें कायमचें माफ केलें. शिवाय, जुन्या रहिवाशांना आणि बाहेरून येणाऱ्यांना, दोघांनाही, पक्कीं घरें बांधण्याकरितां तगाई दिली. जुन्यांना वगळून नव्यांचे लाड करावे, किंवा परक्यांना वगळून जुन्यांचाच सांभाळ करावा, असा भेद त्यांत नव्हता.

ही कल्पना त्यानें विलायतेहून आणली असें मात्र समजूं नये. पेशवाईंत नवी पेठ वसवावयाची झाली म्हणजे सरकारांतून कौल निघे. पेठेंत येऊन राहणाऱ्या उदम्यांना कांहीं वर्षें करांची माफी मिळे, आणि पेठेचें शेटेपण व महाजनकी एखाद्या कर्त्या घराण्याकडे वतन म्हणून सोंपविली जाई. पडीत जमीन लागवडीस आणणाऱ्यासही पहिल्या वर्षीं अल्प व पुढें क्रमाक्रमानें चढता सारा लावीत, आणि त्यास इस्तावा म्हणत. उजाड मुलूख भरून काढण्याची ही रीत रयतेच्या चांगली अंगवळणी पडली होती. ब्रिग्जचा जाहीरनामा लोकांना समजला व पटला, याचें एक कारण तो त्यांच्या ओळखीच्या कौलासारखा होता. फरक इतकाच कीं, कौलाची मुदत ठराविक वर्षांची असे. येथें माफी कायमची होती.

त्या वर्षीं धुळ्याची मोजणी झाली. घरें भरलीं ४०१ आणि माणसें २५०९. म्हणजे एका घरांत सरासरी सहा माणसें. एका बाजूस पांझरा नदी आणि दुसऱ्या बाजूस पाण्याचा पाट, यांच्यामध्यें दाटून बसलेलें, सभोंवतीं बागाइतानें वेढलेलें एक लहान गांव, असें त्याचें वर्णन ब्रिग्जनें केलें आहे. या जुन्या वस्तीस लागून सरळ रस्त्यांची नवी पेठ आंखण्यांत आली. जुनें धुळें, मोगलाई, नदीपलीकडील देवपूर आणि नवी पेठ अशा भागांनीं पुढें शहर बनलें. नव्या पेठेंतील रस्ते एकमेकांशीं समांतर काढलेले असल्यामुळें त्यांना नांवें देण्याचीही गरज भासली नाहीं. धुळेंकर आजही पत्ता सांगतो तो गल्लीच्या नंबरावर. एखाद्या देवाच्या, पेशव्याच्या किंवा सावकाराच्या नांवाची पेठ सांगणाऱ्या पुणेंकरास ही गोष्ट रुक्ष वाटेल. पण ज्या वस्तींत सर्वच जण कोठून तरी नवे आलेले, तेथें गल्लीस आंकडा असणें हें एका दृष्टीनें समतेचेंच लक्षण होय.

अमेरिकेच्या गवताळ मैदानांत त्याच शतकांत शेंकडों लहान शहरें अशाच रीतीनें उभीं राहिलीं. तेथील सरकारनें १७८५ च्या कायद्यानें नव्या मुलखाचे सहा मैल लांब व सहा मैल रुंद असे चौकोन पाडावयाचें ठरविलें, आणि १८६२ च्या कायद्यानें, जो पांच वर्षें जमिनीवर राहून ती कसील त्यास १६० एकर जमीन जवळजवळ फुकट देऊं केली. काटकोनांत छेदणारे रस्ते, त्यांना दिलेले आंकडे, फुकट जागेचें आमंत्रण, हें सर्व धुळ्याशीं जुळतें. आणखी एक गोष्टही जुळते, आणि ती सुखाची नाहीं. तेथें नवे रहिवासी आले ते मूळच्या रेड इंडियन लोकांच्या भूमीवर. येथें पेठेला अभय मिळालें तें भिल्लांवरील मोहिमांच्या आधारानें. पहिलीं सात वर्षें सरकार भिल्लांशीं लढत राहिलें, व लढून फारसें साधलें नाहीं. अखेर १८२५ मध्यें भिल्लांनाच पगारी शिपाई करून त्यांची पलटण उभारण्याचें काम जेम्स औट्रम या तरुण अधिकाऱ्यानें हातीं घेतलें. त्या पलटणीचें ठाणें धरणगांवास होतें. राखणदाराचें काम काढून घेतलें कीं तो लुटारू होतो, आणि तें परत दिलें कीं तो पुन्हा राखणदार होतो, हें साधें सत्य सरकारास उमगावयास सात वर्षें लागलीं.

फरकाची गोष्टही तितकीच ध्यानांत घेण्यासारखी आहे. अमेरिकेंतील त्या वसाहतींत पांच-पन्नास घरें झालीं न झालीं तोंच लोक जमून आपले पंच निवडीत आणि रस्ता, शाळा, विहीर यांचे ठराव करीत. धुळ्यास जागा मिळाली, तगाई मिळाली, संरक्षणही मिळालें. पण शहराच्या कारभारांत रहिवाशांना सनदशीर वांटा मिळाला नाहीं. मुलकी व फौजदारी अधिकार कलेक्टरच्या हातीं एकवटलेले होते. त्याच्या हाताखालीं मामलेदार, आणि गांवोगांव पूर्वीचेच पाटील-कुळकर्णी. जुनी घडी शक्य तों मोडूं नये असें एल्फिन्स्टनचें धोरण असल्यामुळें पाटील-कुळकर्णी राहिले खरे, परंतु रस्ता कोठें काढावा, बाजार कोठें भरावा, घाण कोणीं उचलावी, हें ठरविणारी सत्ता साहेबाच्या कचेरींतच राहिली.

एतद्देशीय लोकांना सामुदायिक कारभाराची संवय नाहीं, ती त्यांना हळूहळू लावली पाहिजे, असें त्या काळचे अधिकारी वरचेवर म्हणत. धुळ्याच्या बाबतींत हें म्हणणें किती पोकळ होतें तें पाहावयास शहराबाहेर कोसभर जाण्याचीही आवश्यकता नव्हती. ब्रिग्जनें वर्णिलेला पाण्याचा पाट तेथेंच वाहत होता. पांझरेवर आणि बागलाणांतील मोसम, आरम या नद्यांवर कांहीं शतकांपासून बंधारे घालून पाणी वळवीत आले आहेत, आणि त्या पाण्याखालच्या जमिनीची व्यवस्था फडपद्धतीनें होत आली आहे. बंधाऱ्याखालच्या सर्व भिजत्या जमिनीचे बहुधा चार मोठे फड पाडावयाचे. एका फडांत एकच पीक घ्यावयाचें. यंदा जेथें ऊस, तेथें पुढें दुसरें पीक, अशी पाळी फिरवावयाची. प्रत्येक शेतकऱ्याची थोडथोडी जमीन निरनिराळ्या फडांत असावयाची, म्हणजे लाभ झाला तर सर्वांना आणि तूट आली तरी सर्वांना. पाणी कमी असेल त्या वर्षीं कोणता फड कोरडा ठेवावयाचा हें सर्वांनीं बसून ठरवावयाचें. पाणी सोडणारा पाटकरी, पिकें राखणारा जागल्या, त्यांच्यावर देखरेख ठेवणारा हवालदार, हे सारे शेतकऱ्यांनींच नेमलेले. पाटांतील गाळ काढावयाचा तोही सर्वांनीं मिळून.

पाणी ही भांडणाची वस्तु आहे. भावाभावांत जेथें बांधावरून डोकीं फुटतात, तेथें शेंकडों कुळांनीं एका पाटाचें पाणी पिढ्यान् पिढ्या वांटून घेतलें, याहून सामुदायिक कारभाराचा कठीण धडा कोणता असूं शकेल? ज्या मंडळींना पाट सांभाळतां येत होता, त्यांना गटार सांभाळतां आलें नसतें असें कोण म्हणेल? पुढें १८८४ सालीं मुंबई सरकारच्या नोकरींत शिरलेले तरुण इंजिनिअर विश्वेश्वरय्या यांना नोकरीच्या आरंभींच धुळ्याच्या मुलखांत पांझरेच्या एका ओढ्याखालून नळानें पाणी पलीकडे नेण्याचें अवघड काम करावें लागलें. नव्या विद्येचा तो मोठा विजय होय. पण पाणी पोंचल्यानंतर तें कोणास किती द्यावयाचें ही विद्या त्या खोऱ्यांत अगोदरपासूनच होती.

शहराच्या कारभारांत लोकांचा प्रवेश झाला तो १८६० नंतरच्या दहा वर्षांत. १८५० च्या कायद्यानें गांवोगांव म्युनिसिपालिट्या स्थापन करण्याची सोय झाली होती. तिचा फायदा घेऊन धुळ्यास त्या दशकांत म्युनिसिपालिटी झाली, आणि जळगांवास १८६४ मध्यें. आरंभींच्या या मंडळांतील सभासद सरकारनें नेमलेले असत आणि अध्यक्षपदीं सरकारी अधिकारी असे. दिवे, रस्ते, झाडलोट आणि पाणी हीं त्यांचीं कामें. उत्पन्न मुख्यतः जकातीचें. म्हणजे पैसा बाजाराचा, काम रहिवाशांचें आणि निर्णय अधिकाऱ्याचा. १८७२ सालीं पांझरेला महापूर येऊन शहराचें अतोनात नुकसान झालें. त्याच वर्षींच्या खानेसुमारींत लोकसंख्या १२,४८९ भरली होती. अर्धशतकांत गांव पांचपट झालें होतें, पण आपला एकही प्रतिनिधि आपण निवडण्याचा हक्क त्याला नव्हता. १८८२ मध्यें लॉर्ड रिपन यांचा स्थानिक स्वराज्याचा ठराव आला, १८८४ मध्यें मुंबई इलाख्याचा नवा म्युनिसिपल कायदा झाला, आणि तेव्हां कोठें निवडणुकीचें दार किलकिलें झालें. मत देण्याचा हक्क त्या वेळीं थोड्याच करदात्यांना होता. तरी आपल्या गल्लीच्या दिव्याविषयीं प्रश्न विचारणारा माणूस आपण निवडून पाठवूं शकतों, ही जाणीव नवी होती.

याच सुमारास शेजारीं दुसरें एक शहर निराळ्याच वाटेनें मोठें होत होतें. जळगांव कोणाच्या हुकुमानें वाढलें नाहीं. १८६० नंतरच्या पहिल्या कांहीं वर्षांत मुंबईहून निघालेला लोहमार्ग खानदेशांतून पुढें गेला, आणि त्याच वेळीं अमेरिकेंतील यादवी युद्धामुळें विलायतेच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेनासा झाला. खानदेशच्या काळ्या जमिनीवरील कापसाला सोन्याचा भाव आला. जळगांवचें स्टेशन कापसाच्या गांठींनीं भरून गेलें. १८६५ मध्यें युद्ध संपलें, भाव कोसळले आणि अनेक व्यापारी बुडाले. पण बाजार मोडला नाहीं. धुळ्यास मात्र रेल्वे चाळीसगांवच्या फांट्यानें आली ती १९०० सालीं. कचेरीनें वाढलेलें धुळें आणि कापसानें वाढलेलें जळगांव, असा हा फरक. १९०६ मध्यें खानदेशचे पूर्व व पश्चिम असे दोन जिल्हे झाले, तेव्हां पूर्वेचें ठाणें म्हणून जळगांवच निवडावें लागलें. ब्रिग्जच्या वेळीं ज्याचा विचारही झाला नसता, तें गांव बाजारानें धुळ्याच्या बरोबरीस आणून बसविलें होतें.

नांवांची कहाणीही अशीच उद्बोधक आहे. खानदेश हें नांव फारुकी सुलतानांच्या ‘खान’ या किताबावरून आलें असें एक मत. कान्हदेश, म्हणजे कृष्णाचा देश, असें दुसरें. यादवांच्या सेउणदेशाशीं तें जोडणारे आणखी तिसरे. १६०१ मध्यें असीरगड घेतल्यावर अकबरानें आपला पुत्र दानियाल याच्यावरून या सुभ्याचें नांव दानदेश ठेवलें. बादशहाचा हुकूम तो. परंतु लोकांच्या तोंडीं तें बसलें नाहीं, आणि थोड्याच काळांत दानदेश गेला व खानदेश राहिला. १९६० मध्यें दोन्ही जिल्ह्यांच्या नांवांतून खानदेश हा शब्द काढून जळगांव व धुळें अशीं नांवें ठेवण्यांत आलीं, आणि १९९८ मध्यें धुळ्यांतून नंदुरबार जिल्हा निराळा झाला. सरकारी नकाशावर खानदेश नांवाचा जिल्हा आज कोठेंही नाहीं. तरी तेथील माणूस पुण्या-मुंबईस गेला म्हणजे आपण खानदेशी आहों असेंच सांगतो. खुद्द धुळ्याचें नांवही साहेबाच्या लेखणींत धुलिया झालें, आणि अहिराणी बोलणाऱ्याच्या तोंडीं ळ चा य होऊन धुये झालें. धुळें म्हटलें कीं कानाला धूळ आठवते आणि जळगांव म्हटलें कीं जळ. पण कानाच्या साक्षीवर व्युत्पत्ति ठरत नसते. नांव ठेवण्याचा अधिकार राजाचा असेल. तें चालविण्याचा अधिकार बोलणाऱ्यांचा असतो.

पुढें या शहरानें सरकारी ठाण्याहून निराळी अशी स्वतःची ओळख कमाविली. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांचें देहावसान १९२६ च्या अखेरीस धुळ्यासच झालें, आणि त्यांनीं गोळा केलेलीं कागदपत्रें सांभाळण्यासाठीं १९२७ मध्यें तेथें राजवाडे संशोधन मंडळ निघालें. १९३२ सालीं धुळ्याच्या तुरुंगांत विनोबा भावे दर रविवारीं गीतेवर बोलत, आणि साने गुरुजी तीं प्रवचनें उतरून घेत. कायद्याचा अंमल बसविण्याकरितां जें ठाणें निवडलें, त्याच ठाण्याच्या तुरुंगांत स्वराज्याचे कैदी जमले आणि तेथें मराठींतील एक आवडता ग्रंथ तयार झाला. गांव वसविणाऱ्याच्या हातून त्याचें भविष्य कसें निसटतें, याचें याहून चांगलें उदाहरण सांपडणें कठीण.

धुळें व जळगांव या दोन्ही नगरपालिकांच्या २००३ मध्यें महानगरपालिका झाल्या. मत देण्याचा हक्क आतां प्रत्येक प्रौढ स्त्री-पुरुषास आहे. साहेबाची परवानगी लागत नाहीं, करदात्यांची यादीही लागत नाहीं. तथापि ज्या खोऱ्यांत पाण्याची तूट आली कीं सर्वांनीं मिळून एक फड कोरडा ठेवण्याची रीत होती, त्याच खोऱ्यांतील शहरांत उन्हाळ्यांत नळाच्या पाण्यावरून तक्रारी होतात, तेव्हां हक्क मिळाला पण संवय कोठें गेली, असा प्रश्न पडल्यावांचून राहत नाहीं. फडाचा नियम कोणत्याही कायद्याच्या पुस्तकांत नव्हता. शेवटच्या शेतकऱ्याचें शेतही आपल्याच फडांत आहे, एवढ्या एका जाणिवेवर तो चालत होता.

शहर कोणीं वसविलें, हा आरंभींचा प्रश्न होता. बाळाजी बळवंतांनीं उठलेली रयत परत आणली. ब्रिग्जनें जागा व तगाई दिली. या दोघांचेंही ऋण धुळ्यावर आहे. पण १८१९ च्या मोजणींत भरलेल्या त्या ४०१ घरांचा विचार केला पाहिजे. पंधराच वर्षांपूर्वीं याच गांवांतून माणसें दुष्काळानें देशोधडीस लागलीं होतीं. इतकें भोगल्यावर पुन्हा त्याच पांढरीवर पाया खणावयाचा, तगाई अंगावर घ्यावयाची आणि उद्यां येथून पळावें लागणार नाहीं असें मानून पक्की भिंत बांधावयाची, ही गोष्ट लहान नव्हती. त्या २५०९ माणसांपैकीं फार थोड्यांचीं नांवें कागदोपत्रीं असतील. परंतु हुकूम निघाला तो एका दिवसांत, आणि शहर झालें तें त्यांच्या विश्वासावर. तो विश्वास सार्थ ठरविण्याचें काम प्रत्येक पिढीच्या कारभाऱ्यांकडे आणि त्यांना निवडून देणाऱ्यांकडे सारखेंच येतें.